उंदराच्या पानातले फळ



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा कामगार चळवळीसंबंधी काहीतरी येईल अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही 'पाळीव उंदरांना फळे कशी द्यावीत' असे सांगितले. टेलिफोनवर थोडा वेळ काहीच ऐकू आले नाही. मग त्या गृहस्थांनी मोठ्या सभ्यपणे विचारले, "म्हणजे हे रूपक आहे का?" रूपक मुळीच नाही. उंदीर म्हणजे उंदीरच, चार पायांचा आणि एका लांब शेपटीचा; आणि फळ म्हणजे आपण सगळे या दिवसांत आमरस करून खातो ते फळ. या दोहोंच्या बाबतीत आमच्या हातून एक चूक झाली. ती लोकांपुढे सांगावी आणि तिच्यापायी जे काही वाचून-विचारून शिकलो तेही सांगावे, एवढाच हेतू आहे.

आमची थोडी ओळख देणे भाग आहे. १९८२ च्या जानेवारीत मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा आम्ही बारा वर्षांचे होतो. वडील साच्यांवर होते. संप संपला असे कोणी कधी जाहीर केले नाही, आमची शाळा मात्र संपली. फळबाजारात पाट्या उचलू लागलो, पुढे हमालांच्या टोळीत शिरलो आणि टोळीतून युनियनमध्ये. वाचायला शिकलो ते बहुतेक युनियनच्या कचेरीत, दिवे मालवण्याच्या वेळेपर्यंत बसून. तेव्हा आज शास्त्रातले काही सांगितले तर ते पदवीधराचे बोलणे नव्हे, गरजेपोटी वाचलेल्या माणसाचे बोलणे आहे असे समजून चालावे.

उंदीर हा तर हमालाचा जन्माचा वैरी. पेटीच्या फळीतून आत शिरतो, चार आंबे खात नाही पण चाळीस कुरतडून ठेवतो. असा प्राणी कोणी हौसेने पाळील हे आम्हांला पटत नव्हते. आमच्या धाकट्या मुलीच्या वर्गमैत्रिणीचे कुटुंब परगावी निघाले, तेव्हा तिने दोन उंदीर पिंजऱ्यासकट आमच्या घरी आणले. एक काळ्यापांढऱ्या अंगाचा, त्याचे नाव तीळ. दुसरा बदामी, तो गूळ. दोन्ही नर. आम्ही म्हणालो, "एक रात्र ठेव, सकाळी विचार करू." विचार करायचा राहूनच गेला. बाजारातून पहाटे घरी आलो की ते दोघे गजांना धरून उभे राहत आणि आमच्या बोटांचा वास घेत. बोटांना कधी चिकूचा, कधी द्राक्षांचा वास असे. एवढ्या अगत्याने आमचे स्वागत घरात दुसरे कोणी करीत नव्हते, हे येथे कबूल करतो.

हे बाजारातले उंदीर नव्हेत हे आधी ध्यानात घ्यावे. आपल्याकडे कौलांवरून पळतो तो घरउंदीर वेगळा, गटारातली घूस वेगळी, आणि चिचुंद्री तर उंदीरच नव्हे. पाळीव उंदीर हा तपकिरी उंदराचा वंशज. एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये जॅक ब्लॅक नावाचा एक उंदीर पकडणारा होता. आपण राणी व्हिक्टोरियाचे उंदीर पकडणारे आहोत असे तो सांगे. मारायला पकडलेल्या उंदरांत एखादा पांढरा किंवा निराळ्या रंगाचा सापडला की तो त्याला बाजूस ठेवी, त्याची वीण वाढवी आणि हौशी लोकांना विकी. हेन्री मेह्यू याने लंडनच्या कष्टकऱ्यांवर जो मोठा ग्रंथ लिहिला त्यात या माणसाची मुलाखत आहे. पुढे १९०१ साली मेरी डग्लस या बाईंच्या खटपटीने एल्सबरी येथे छोट्या उंदिरमामांच्या प्रदर्शनात मोठ्या उंदरांनाही प्रथमच जागा मिळाली. पाळीव उंदरांची हौस तेव्हापासून रीतसर सुरू झाली असे म्हणतात.

आता चूक सांगतो. गेल्या वर्षी एप्रिलात हापूसचा माल भरात होता. गाळ्यावर पेट्या फोडताना जे फळ दबलेले, डागलेले निघते त्याला बाजारात डागी माल म्हणतात. तो बहुधा हमालांना मिळतो, आणि तो आपला हक्कच आहे असे आम्हीही समजत आलो. त्या दिवशी पिशवीभर डागी आंबे आणि दोन चिकू घरी आणले. मुलगी झोपली होती. आम्ही अर्धा आंबा सालीसकट आणि एक अख्खा चिकू पिंजऱ्यात ठेवला आणि आपल्या औदार्यावर खूष होऊन झोपलो. उठून पाहतो तो थाळी स्वच्छ. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी पिंजऱ्याला आंबूस वास येऊ लागला. मुलीने त्यांचे अंथरुणाचे फडके उचलले, तर खाली आंब्याचा सगळा साठा, वर केसाळ बुरशी आलेला. उंदीर हा साठेबाज प्राणी आहे हे आम्हांला ठाऊक असायला हवे होते. साठेबाजांशी आमचा परिचय जुना आहे.

चौथ्या दिवशी तीळ पाठ वाकवून कोपऱ्यात बसला. अंगावरचे केस उभे, जुलाब, आणि डोळ्यांभोवती तांबडे. आम्हांला वाटले रक्त आले. लहान जनावरांचे एक डॉक्टर शोधून त्यांच्याकडे नेला. त्यांनी सांगितले की हे रक्त नव्हे. उंदराच्या डोळ्यामागे एक ग्रंथी असते, तिच्यातून तांबूस रंगद्रव्य पाझरते, आणि प्राणी आजारी किंवा भेदरलेला असला की ते अधिक दिसते. त्यांनी कातडीखाली सलाइन दिले. मग एकेक प्रश्न विचारू लागले. फळ कोठून आणले? धुतले होते का? साल काढली होती का? पिकवले कशाने? बाजारात उंदीर मारायचे औषध घालतात का, आणि ते फळ जमिनीवर पडले होते का? आम्ही तीस वर्षे फळबाजारात काढली आहेत. एकाही प्रश्नाचे छातीठोक उत्तर देता आले नाही.

रात्री तीळ मेला. कशाने मेला हे चिरफाड केल्याशिवाय सांगता येणार नाही असे डॉक्टर म्हणाले, आणि मुलीने ती करू दिली नाही. तेव्हा आंब्यानेच मेला असे आम्ही म्हणू शकत नाही. आंब्याने मेला नाही असेही म्हणू शकत नाही. मुलगी रडली नाही. तिने इतकेच विचारले, "बाबा, द्यायच्या आधी तुम्ही कुणाला विचारलं होतंत का?" हाच प्रश्न आम्ही उभ्या आयुष्यात निरनिराळ्या मालकांना कितीदा तरी विचारला आहे. तो आपल्याला लागला म्हणजे कसा लागतो हे त्या रात्री कळले, आणि दुसऱ्या दिवसापासून वाचायला बसलो.

पहिली गोष्ट कळली ती ही की उंदराला ओकता येत नाही. कितीही नासके खाल्ले तरी ते उलटून पडायचे नाही. त्याच्या अन्ननलिकेची आणि पोटाची ठेवणच तशी असते. शिवाय उलटी घडवून आणणारी जी मज्जातंतूंची यंत्रणा आपल्या मेंदूत असते ती त्याच्याजवळ नाही. म्हणून निसर्गाने त्याला दुसरी सावधगिरी दिली. रानातला उंदीर नवे अन्न दिसले की आधी घाबरतो, मग जरासे चाखतो आणि थांबतो. पोट बिघडले तर त्या चवीला पुन्हा तोंड लावीत नाही. जॉन गार्सिया या अमेरिकन संशोधकाने १९५५ साली ही गोष्ट प्रयोगाने दाखवली. उंदीर मारण्याची जुनी औषधे याच कारणाने फसत असत, आणि वॉरफरिनसारखी अनेक दिवसांनी रक्त पातळ करून मारणारी औषधे याच कारणाने चालली. खाणे आणि मरणे यांचा संबंध उंदराला जोडताच येत नाही.

दुसरी गोष्ट अधिक मौजेची. कॅनडातले गेलेफ नावाचे एक प्राध्यापक वर्षानुवर्षे याच्या मागे होते. उंदीर खाऊन आला की सोबती त्याच्या तोंडाचा वास घेतात, आणि ज्या अन्नाचा वास त्याच्या श्वासात असेल ते पुढे निर्धास्तपणे खातात. म्हणजे एकाच्या अनुभवावर सगळी टोळी चालते. हे वाचून आम्हांला आनंद झाला, पण पुढचे वाचून तो ओसरला. खाऊन आलेला सोबती आजारी दिसत असला, तरी इतर ते अन्न टाळीत नाहीत. त्याच्या तोंडाला वास आहे ना, मग झाले. चांगली बातमी पसरते, वाईट पसरत नाही. आमच्या काही सभांची आम्हांला आठवण झाली.

पिंजऱ्यातल्या उंदराची सावधगिरी तर आणखी बोथट झालेली. तो आपल्या हातचे खाऊन वाढलेला असतो. आपला हात म्हणजे चांगले, असा त्याचा अनुभव. तेव्हा चाखून थांबण्याचे काम आता त्याचे राहिलेले नाही, ते देणाऱ्याचे आहे. आम्ही वास घेतला असता, साल पाहिली असती, रात्री दिलेले सकाळी मोजले असते, तर पुढचे कदाचित टळले असते.

आता हिशेब. हिशेबाशिवाय आम्हांला चैन पडत नाही. पुरा वाढलेला नर उंदीर अर्ध्या किलोच्या आतबाहेर, मादी त्याहून बरीच हलकी. तीळ चारशे ग्रॅमचा होता. साठ किलोचा माणूस त्याच्या दीडशेपट. मध्यम हापूसचा अर्धा गर पाऊणशे ग्रॅम धरला, तर आम्ही तिळाच्या पुढे ठेवले ते माणसाच्या मापाने अकरा किलोंच्या वर आंबा झाला. लहान प्राणी वजनाच्या मानाने अधिक खातो, म्हणून ही तुलना तंतोतंत नव्हे. आणि वाटेकरी दोघे होते. तरीही दिवसाला एकूण पंधरा-वीस ग्रॅम खाणाऱ्या प्राण्याला हे काय ताट झाले? त्याला फळाचा तुकडा पुरतो तो भिजल्या हरभऱ्याएवढा, फार तर दोन, आणि तोही आठवड्यातून तीनचार वेळा. आम्ही आता तसाच देतो.

येथे कोणी म्हणेल, फळात जीवनसत्त्वे असतात, मग ती द्यायला नकोत? गंमत अशी की क जीवनसत्त्व उंदीर आपल्या यकृतात स्वतःच तयार करतो. माणसाला ते करता येत नाही, गिनीपिगलाही येत नाही; म्हणून आपल्याला आणि गिनीपिगला ते खाण्यातून मिळालेच पाहिजे, नाहीतर स्कर्व्ही होतो. उंदराला संत्रे-पेरू नसले तरी अडत नाही. त्याचे मूळ वेतन म्हणजे धान्य आणि डाळ, थोडी भाजी, मधूनमधून अंड्याचा तुकडा, किंवा प्रयोगशाळेतल्या उंदरांसाठी बनवतात त्या तयार वड्या. फळ हा बोनस. आता बोनस म्हणजे मालकाची मेहेरबानी नव्हे, ते राहिलेले वेतनच होय, असे आम्ही जन्मभर सांगत आलो आणि १९२४ साली मुंबईच्या गिरण्यांत याच प्रश्नावर मोठा संप झाला, हे खरे. पण बोनस कितीही हक्काचा असला तरी पगार बुडवून बोनसवर कोणी संसार करीत नाही. गोड फळांवर ठेवलेला उंदीर सुटतो, आणि त्याचे अगोदरच दोन-तीन वर्षांचे आयुष्य आणखी कमी होते.

मूळ वेतनाचे महत्त्व पटवणारे एक उदाहरण आमच्या विषयाशी दुहेरी संबंध ठेवते, म्हणून त्यावर जरा रेंगाळतो. निलगिरीतल्या कुन्नूर येथे सर रॉबर्ट मॅकॅरिसन हे डॉक्टर आहारावर संशोधन करीत. तीच संस्था पुढे १९५८ साली हैदराबादला गेली आणि आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. त्यांनी १९२० नंतरच्या दशकात उंदरांचे गट पाडले आणि हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या लोकांचा आहार एकेका गटाला घातला: शीख, पठाण, मराठा, गुरखा, कानडी, बंगाली, मद्रासी. शिखांच्या आहारावरचे उंदीर सर्वांत धडधाकट निघाले. पठाणांच्या पाठोपाठ मराठ्यांच्या आहाराचा नंबर लागला, याने ज्यांची छाती फुगत असेल त्यांची फुगू द्यावी. मद्रासच्या तांदळाच्या आहारावरचे सर्वांत खुरटे राहिले. मॅकॅरिसन आपल्या निरोगी उंदरांना रोज काय देत? सबंध गव्हाची चपाती लोण्याचा हात लावून, मोड आलेले हरभरे, कच्चे गाजर, कोबी, दूध, आणि आठवड्याला हाडासकट थोडे मांस. या यादीत फळ नाही. आंब्यावाचून ते उंदीर ठणठणीत जगले.

पण आम्हां कामगारांनी वाचावा असा प्रयोग पुढचाच. आणखी एका गटाला त्यांनी इंग्लंडमधल्या गरीब लोकांचा आहार दिला: पांढरा पाव, मार्गारिन, साखर घातलेला चहा, उकडलेल्या भाज्या, डबाबंद मांस आणि स्वस्तातला जॅम. ते उंदीर नीट वाढले नाहीत, चिडखोर झाले, सांभाळणाऱ्यांना चावू लागले आणि साठाव्या दिवसाच्या सुमारास आपल्यातल्या दुबळ्यांना मारून खाऊ लागले. १९३६ साली लंडनमधल्या व्याख्यानांत त्यांनी आपले हे सारे काम मांडले. जॅम हेही फळच, आणि तेही नेमके गरिबाच्या ताटात असे साखरेत बुडून आलेले. आमच्या गिरणगावात चहा-बटरवर पाळी काढणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. ती चिडकी का होती याला आम्ही आजवर फक्त साच्यांचा आवाज कारण समजत होतो.

फळ बोनस म्हणून कसे द्यावे याचा उत्तम नमुना आफ्रिकेत पाहावयास मिळतो. टांझानियातल्या मोरोगोरो येथे अपोपो नावाची संस्था मोठ्या थैलीगालाच्या उंदरांना जमिनीत पुरलेले सुरुंग वासाने हुडकायला शिकवते. जात वेगळी, किलोभराचा प्राणी, पण रीत पाहण्याजोगी. उंदराने सुरुंगाच्या दारूचा वास बरोबर ओळखला की टिक् असा आवाज करायचा आणि लगेच केळ्याचा किंवा शेंगदाण्याचा घास द्यायचा. मगावा नावाचा उंदीर अशा रीतीने कंबोडियात पाच वर्षे राबला. सुरुंग आणि न फुटलेला दारूगोळा मिळून त्याने शंभरावर वस्तू दाखवून दिल्या. त्याचे वजन सुरुंग उडण्याइतके नव्हते म्हणून तो सुरक्षित. २०२० साली त्याला ब्रिटनच्या एका प्राणिसंस्थेचे सुवर्णपदक मिळाले, २०२१ साली त्याला निवृत्त केले, आणि २०२२ च्या जानेवारीत तो वारला. घास लहान, वेळेवर आणि कामाच्या मोबदल्यात; शिवाय म्हातारपणी विश्रांती. आमच्या टोळीतल्या एकाने हे ऐकून विचारले, "भाऊ, त्येला पेन्शन हाय न्हवं, मग आमचं बी बगा की कुटं जमतंय का." त्याला आम्ही काय उत्तर देणार?

आता फळवार बोलू. पण सगळी बाजारपेठ फिरवीत नाही, आपल्या ओळखीची तेवढीच फळे घेतो.

पहिली शत्रू म्हणजे बी. उंदराला बी दिसली की ती फोडल्याशिवाय त्याला राहवत नाही, त्याचे दातच त्यासाठी आहेत. सफरचंद, नासपती यांच्या बिया आणि अलुबुखार, पीच, जर्दाळू यांच्या आठळ्यांतल्या गरात अमिग्डॅलिन असते. ते चावून फुटले की त्यातून सायनाइड सुटते. आपण सफरचंदाची बी अख्खी गिळतो, म्हणून आपले निभावते. सीताफळाची बी तर सरळ विषारी. खेड्यात तिची पूड उवा मारायला वापरीत आणि ती डोळ्यांत गेली तर डोळे जात. सीताफळाचा गर द्यावयाचा तर एकेक बी हाताने काढून, नाहीतर देऊच नये. चिकूची बी काळी गुळगुळीत दिसते, पण तिच्या टोकाला एक बारीक आकडा असतो, तो घशात अडकतो. आम्ही अख्खा चिकू ठेवला होता हे आठवले की आजही अंगावर काटा येतो.

दुसरी गोष्ट चिकटपणाची. ज्याला ओकता येत नाही त्याच्या घशात काही अडकले तर ते परत कसे यावे? म्हणून खजुराचा लगदा, बरक्या फणसाचा सुळसुळीत गरा या वस्तू आम्ही वर्ज्य केल्या. काप्या फणसाचा बारीक तुकडा चालतो असा आमचा अनुभव आहे.

केळे पिकलेले द्यावे, हिरवे नव्हे. कच्च्या केळ्यातला पिठूळ भाग आतड्यात आंबतो आणि पोट फुगते. कलिंगड म्हणजे बहुतेक पाणीच. या उन्हात दोन चौकोनी फोडी दिल्या तर प्राणी खूष होतो, वाडगाभर दिले तर पिंजरा धुवायला लागतो. पपई पिकलेली, पेरू मऊ, डाळिंबाचे चार दाणे, महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीची एक चकती: यांना आमची हरकत नाही. द्राक्षांविषयी लोकांत मोठी भीती आहे, कारण ती कुत्र्याचे मूत्रपिंड बिघडवतात हे खरे. उंदराच्या बाबतीत तसे काही आढळलेले नाही. द्राक्षाचा प्रश्न द्राक्षात नसून वरच्या फवारणीत आहे. भरपूर पाण्यात चोळून धुवावे आणि अर्धे करून द्यावे.

संत्र्याविषयी मात्र थोडे खोलात जावे लागेल, कारण येथे नर आणि मादी असा भेद निघाला. संत्र्या-मोसंब्याच्या सालीत लिमोनीन नावाचे सुवासिक तेल असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषविज्ञान कार्यक्रमाने १९९० साली एक अहवाल काढला. उंदरांच्या पोटात हे तेल थेट घालून, आठवड्याचे पाच दिवस, दोन वर्षे पाहिले, तर नर उंदरांच्या मूत्रपिंडात गाठी झाल्या, माद्यांना झाल्या नाहीत. पुढे कारण कळले: नर उंदराचे यकृत एक विशिष्ट प्रथिन तयार करते, लिमोनीनपासून झालेले द्रव्य त्याला चिकटते आणि ते मूत्रपिंडात साचत जाते. माणसात ते प्रथिन नाही, म्हणून १९९९ साली कर्करोगाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने माणसाला यापासून धोका मानण्याजोगा पुरावा नाही असे ठरवले. हौशी लोकांनी या अहवालाचा अर्थ 'उंदराला संत्रे म्हणजे विष' असा केला आहे. तो आम्हांला अतिरेकी वाटतो. प्रयोगातले तेल आणि सोललेल्या फाकेतले तेल यांत महदंतर आहे. पण आमच्या घरी नर आहे, आणि जगात इतकी फळे आहेत की संत्र्यावाचून त्याचे काही अडत नाही. साल मात्र कोणालाच नको. आंब्याच्या सालीचेही तेच. देठाजवळच्या चिकाने आमच्या लोकांची बोटे सोलून निघालेली आम्ही दर मोसमात पाहतो. तो चीक चारशे ग्रॅमच्या जिवाला द्यायचे कारण नाही.

येथवर उंदराची गोष्ट होती. आता ज्याने आम्हांला खरा घोर लागला ते सांगतो. डॉक्टरांनी विचारले होते, आंबा पिकवला कशाने? अढी घालून गवतात पिकवलेला माल आता थोडा. पिकवण्याच्या खोलीत इथिलीन वायू ठरल्या प्रमाणात, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभर भागांपर्यंत, वापरायला परवानगी आहे, आणि त्याविषयी आमची तक्रार नाही. पण कॅल्शियम कार्बाइडची पुडी पेटीत ठेवून पिकवणे हा स्वस्त मार्ग. ओल लागली की पुडीतून ॲसिटिलीन निघतो आणि फळ रंगते. बाजारातल्या कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरस यांचे अंश असतात. २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनी अशी फळे विकायला स्पष्ट बंदी आहे. तरी पेटी फोडताना पांढऱ्या पुड्या हाताला लागलेल्या आम्ही स्वतः अनुभवल्या आहेत. कोणत्या बाजारात आणि कोणाच्या गाळ्यावर, ते येथे सांगत नाही. पुडी फुटली की पूड सर्वांत आधी लागते ती डागलेल्या, फाटलेल्या फळाला. तेच फळ डागी म्हणून बाजूला पडते, जमिनीवर ठेवले जाते, त्याच जमिनीवर रात्री बाजारातले उंदीर फिरतात आणि मुततात. २००५ च्या जुलैच्या पुरानंतर मुंबईत लेप्टोने माणसे गेली ती याच मुतापायी. शिवाय कोपऱ्यात उंदीर मारायच्या औषधाच्या गोळ्या पसरलेल्या असतात.

हे सगळे आम्ही टोळीच्या बैठकीत मोठ्या आवेशाने मांडले. एक वयस्क हमाल शांतपणे ऐकत होता. तो म्हणाला, "भाऊ, ह्यो डागी आंबा आमची पोरं वरसानुवरसं खात्यात. तुमचा उंदीर मेला तवा तुमास्नी दिसलं व्हय?"

बैठकीत कोणी हसले नाही. आम्ही वाराईच्या दरासाठी भांडलो, १९६९ च्या माथाडी कायद्यातल्या हक्कांसाठी मोर्चे काढले, पण डागी मालाचा विषय कोणत्याही बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर आम्ही कधी घातला नव्हता. फुकट मिळते ते तपासायचे नसते, अशी आमचीही समजूत होती. त्यानंतर आम्ही गाळेवाल्यांपुढे तीन मागण्या ठेवल्या: पुडी निघालेली पेटी आमचे लोक हाताळणार नाहीत, डागी माल जमिनीवर न टाकता क्रेटमध्ये ठेवावा, आणि हमालांना धुवायला नळ द्यावा. नळ मिळाला. क्रेट काही गाळ्यांवर मिळाले. पुड्यांचे भांडण चालू आहे. हमालांच्या घरी आता आंबा आधी पाण्यात बुडवून ठेवतात, साल काढतात, काळा पडलेला भाग खोलवर कापून टाकतात आणि पुडीची शंका असली तर फळ टाकूनच देतात. मूठभर प्राण्याला जे द्यायचे धाडस होत नाही, ते दोन वर्षांच्या पोराला कसे द्यावे?

आमच्या घरची रीत आता अशी आहे. फळ संध्याकाळी द्यायचे, धुऊन, सोलून, बी काढून. पुढे बसायचे. तासाभराने थाळी उचलायची आणि फडक्याखाली हात घालून साठा तपासायचा. नवे फळ असले तर पहिल्या दिवशी तीळभर द्यायचे आणि दोन दिवस वाट पाहायची. जी सावधगिरी रानातला उंदीर स्वतः बाळगतो ती त्याच्या वतीने आपण बाळगायची. हे काम मुलीने आमच्याकडे दिले आहे, शिक्षा म्हणून की विश्वास म्हणून ते आम्ही विचारलेले नाही.

गूळ आता म्हातारा झाला. मागच्या पायांत जोर राहिला नाही, त्या जातीत उतारवयात असे होते. त्याला केळे काट्याने चेचून द्यावे लागते. उंदीर एकटा ठेवू नये, झुरतो. म्हणून गेल्या महिन्यात मुलीने एक तरुण पांढरा नर आणला आणि पंधरा दिवस शेजारच्या पिंजऱ्यात ठेवून मग दोघांना एकत्र केले. नव्याने फळ कधी पाहिलेले नव्हते. पहिल्या संध्याकाळी सोललेल्या चिकूचा तुकडा त्याने हुंगला आणि तो मागे सरला. गुळाने आपला तुकडा दोन्ही हातांत धरून सावकाश खाल्ला. नवा पुढे आला, त्याने गुळाच्या तोंडाशी नाक नेले, बराच वेळ तसाच उभा राहिला, आणि मग थाळीकडे वळला.